नदीखालून पायी जायचा बोगदा: लंडनला झाला, गोदावरीखाली का नाही?

पंचवटीतल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने विचारलंय: लंडनला 1843 साली नदीखालून पायी जायचा बोगदा सुरू झाला, मग नाशकात गोदावरीखालून असा बोगदा आजवर का झाला नाही? सिंहस्थाच्या गर्दीला त्याचा उपयोग होणार नाही का? आणि त्याचे आजोबा सांगतात की जुन्या नाशकातल्या एका वाड्यातून गंगेखालून, म्हणजे गोदावरीखालून, थेट पंचवटीत निघणारं भुयार होतं, ते खरं असेल का?

मी नाशिकचाच. सिव्हिल इंजिनिअर म्हणून नोकरीचा बहुतेक काळ सह्याद्रीतल्या बोगद्यांवर गेला. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला बोगद्याच्या तोंडापाशी सापडतात. नदीखालचा मधला भाग खोदणं जिकिरीचं असतं, त्यात माणसं मेली आहेत, कंपन्या बुडाल्या आहेत. पण तो भाग एकदा झाला की शंभर-दीडशे वर्षं टिकतो. बोगदा चालला की बंद पडला, हे ठरतं दोन काठांवर. माणसाला किती खाली उतरावं लागतं, वर कसं यायचं, पुराचं पाणी तोंडातून आत शिरतं का, आणि शेजारी फुकटचा पूल आहे का, एवढ्यावर.

आजोबांच्या भुयाराचं आधी सांगतो. जुन्या वाड्यांना तळघरं होती, बळदं होती, चोरवाटा होत्या. पाण्याचे भुयारी नळही होते. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं ते जमिनीखालच्या बांधीव नळातून, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर काढलेली तोंडं, ठेवले. मलिक अंबरने त्याआधीच छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, नहर खेळवली होती. असे नळ काही ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढे मोठे असतात. कोणी पोरानं त्यात डोकावलं की पुढच्या पिढीला ते भुयार म्हणूनच कळतं. आजोबा खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही, त्यांनी तोंड पाहिलेलं असू शकतं. पण ते नदीखालून आरपार गेलेलं असेल हे मला पटत नाही. पांडवलेणी कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी याच काळ्या दगडात छिन्नी-हातोड्यानं सभामंडप काढले, तेव्हा हत्यारांची अडचण नव्हतीच. अडचण पाण्याची. लेणी डोंगराच्या अंगात आहेत, पाणी आपोआप बाहेर निघून जातं. नदीच्या तळाखाली खोदताना मात्र वर उभी नदी असते आणि दगडाच्या प्रत्येक सांध्यातून ती दिवसरात्र आत येत राहते. मोटेनं विहीर उपसता येते. अशी आवक मोटेनं आवरत नाही. वाफेचे पंप येण्याआधी नदीखालून आरपार जायचं तर एकच उपाय होता, नदीच बाजूला वळवायची. बॅबिलोनमध्ये युफ्रेटिस वळवून राणी सेमिरामिसनं राजवाड्यांना जोडणारा विटांचा बोगदा बांधला, अशी कथा डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. तिचा पुरावा जमिनीत अजून कुणाला मिळालेला नाही.

आता लंडन. तिथं बोगद्याची गरज का पडली हे आधी समजून घ्या, कारण त्यातच नाशिकचं अर्धं उत्तर आहे. थेम्स ही भरती-ओहोटीची नदी, आणि लंडनचं बंदर तिच्यातच. लंडन ब्रिजच्या खालच्या अंगाला नदीत उंच डोलकाठ्यांची जहाजं खच्चून भरलेली असायची. तिथं पूल बांधायचा तर जहाजं अडणार. त्यामुळे खालच्या बाजूचे दोन काठ समोरासमोर असून एकमेकांना तुटलेले होते. रिचर्ड ट्रेव्हिथिक, तोच वाफेच्या इंजिनांवाला, 1807-08 मध्ये खाली शिरला. हजार फुटांच्या पुढे लहानसा बोगदा नेला आणि पाणी फुटून काम बंद पडलं. नदीच्या तळाखालच्या मऊ मातीत बोगदा होणं शक्य नाही, असं मग जाणत्यांनी सांगून टाकलं.

मार्क ब्रुनेल या फ्रान्समधून आलेल्या इंजिनिअरनं ते शक्य केलं. जहाजाचं लाकूड पोखरणारा एक जलकृमी असतो. तो डोक्यावरच्या कठीण कवचांनी पुढे कुरतडतो आणि मागच्या बिळाला अस्तर करत जातो. त्यावरून ब्रुनेलला शील्ड, म्हणजे खोदणाऱ्यांना आडोसा देत पुढे सरकणारी ढाल, सुचली आणि 1818 साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. थेम्सखाली वापरलेली शील्ड म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या 12 लोखंडी चौकटी, प्रत्येक चौकटीत एकावर एक 3 खण, असे 36 खण आणि प्रत्येक खणात एक खोदणारा. त्याच्यासमोर मातीला टेकवलेल्या आडव्या फळ्या, प्रत्येक फळी स्क्रू जॅकनं दाबून धरलेली. खोदणारा एक फळी काढायचा, तिच्यामागची साडेचार इंच माती काढायचा, फळी पुन्हा लावून दाबायचा आणि मग खालची फळी काढायचा. सगळ्या फळ्या अशा पुढे गेल्या की अख्खी चौकट मागच्या विटांच्या बांधकामावर जॅक टेकवून पुढे रेटायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवंडी लगेच वीट लावायचे. उघडी माती एका वेळी एका फळीएवढीच. आजची टनेल बोअरिंग मशीन याच तत्त्वावर चालते. समोरच्या मातीला आधार, भोवती कवच आणि मागे लगोलग अस्तर.

कामाला 1825 साली रॉदरहाइथ इथं सुरुवात झाली, तीही तोंडापासून. 50 फूट व्यासाची विटांची विहीर जमिनीवर लोखंडी कड्यावर बांधली आणि आतून माती काढत तिच्याच वजनानं ती खाली बसवली. आपल्याकडे पुलाच्या पायाच्या विहिरी अशाच उतरवतात, तुम्ही त्या शिकला असाल. पुढे सलग चिकणमाती मिळेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात वाळू-खडी आणि गाळ लागला. नदी म्हणजे तेव्हाच्या लंडनचं गटार. तिचं पाणी झिरपायचं, त्यातून निघणारा वायू दिव्यांनी पेट घ्यायचा, माणसं डोळे जाऊन आजारी पडायची. कामावर नेमलेला निवासी इंजिनिअर आजारी पडला आणि ब्रुनेलचा विशीतला मुलगा इसंबार्ड कामावर उभा राहिला. आठवड्याला 8 ते 12 फूट, एवढाच वेग. 18 मे 1827 ला नदी आत आली. डायव्हिंग बेलमधून, म्हणजे हवा कोंडलेल्या घंटेसारख्या पेटीतून, तळाशी जाऊन भगदाड पाहिलं, मातीच्या गोण्या टाकून ते बुजवलं, पाणी उपसलं. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात बोगद्यात मेजवानी दिली. दोनच महिन्यांनी, 12 जानेवारी 1828 ला, पुन्हा पाणी फुटलं आणि सहा कामगार गेले. इसंबार्ड लोंढ्याबरोबर विहिरीत वर फेकला गेला म्हणून वाचला. पैसे संपले. शील्डपुढे भिंत घातली, अर्ध्या बोगद्याच्या टोकाला आरसा लावला आणि बघ्यांकडून तिकीट घेत काम सात वर्षं थांबलं. शेवटी सरकारनं कर्ज दिलं, नवी शील्ड आणली आणि 25 मार्च 1843 ला बोगदा उघडला. लांबी 1,300 फूट, म्हणजे 400 मीटरही नाही, आणि त्याला 18 वर्षं लागली.

पहिल्या दिवशी 50,000 माणसं चालून गेली. एका पेनीचं तिकीट. पण हा बोगदा पायी चालणाऱ्यांसाठी आखलेलाच नव्हता. तो मालाच्या घोडागाड्यांसाठी होता. गाड्या खाली उतरायच्या तर दोन्ही काठांवर प्रचंड गोल उतार बांधावे लागणार होते, आणि त्यांना पैसे उरले नाहीत. म्हणून विहिरीतल्या जिन्यावरून उतरता येईल तेवढाच वापर शिल्लक राहिला. बंदराला ज्या मालवाहतुकीची गरज होती ती होईना. बोगद्याच्या कमानींमध्ये खेळणी, चित्रं, आठवणीच्या वस्तू विकणारी दुकानं लागली, जत्रा भरली. काही वर्षांत तिथं चोरचिलटांचा वावर वाढला. 1865 मध्ये रेल्वे कंपनीनं तो विकत घेतला आणि 1869 पासून त्यातून गाड्या धावू लागल्या. आजही धावतात. खोदकाम इतकं उत्तम की रेल्वेला ते आयतं मिळालं, आणि तोंडं अपुरी राहिली म्हणून मूळ हेतू कधीच साधला नाही.

त्याच 1869 साली टॉवर ऑफ लंडनच्या शेजारी दुसरा बोगदा खोदला गेला. पीटर बार्लोची कल्पना, जेम्स ग्रेटहेडचं काम. इथं माती सलग चिकणमातीची होती, शील्ड गोल आणि लहान होती, आणि विटांऐवजी ओतीव लोखंडाच्या तुकड्यांचे कडे बोल्टानं जोडत नेले. कड्याच्या बाहेर उरलेल्या पोकळीत पातळ चुना भरला. ग्राउटिंग ते हेच. सुमारे 410 मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर व्यासाचा हा टॉवर सबवे वर्षभराच्या आत खोदून झाला. आधी त्यात दोरानं ओढायची छोटी गाडी आणि तिच्यापर्यंत नेणारी लिफ्ट होती. काही महिन्यांत कंपनी दिवाळखोरीत गेली. मग गाडी काढून टाकली, जिने लावले आणि अर्ध्या पेनीत लोक वाकून चालत जाऊ लागले. वर्षाला दहा लाख माणसं त्यातून जायची. 1894 मध्ये शेजारीच टॉवर ब्रिज झाला. त्याचा मधला भाग जहाजांसाठी उचलला जायचा आणि पायी जाणाऱ्याला पैसे पडत नसत. चार वर्षांत बोगद्याला कुलूप लागलं. आज त्यातून पाण्याच्या आणि केबलच्या नळ्या जातात. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

पायी जाणाऱ्यांसाठीच, विचार करून बांधलेला आणि आजही चालू असलेला बोगदा पाहायचा तर ग्रीनिचचा. माझ्या मते या सगळ्या घराण्यातला हाच सर्वांत शहाणा. दक्षिण काठावर राहणारे हजारो मजूर समोरच्या गोदीत कामाला जायचे. फेरीबोट धुक्यात बंद, आणि बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. लंडनच्या काउंटी कौन्सिलनं 1899 मध्ये काम सुरू केलं, अलेक्झांडर बिनी इंजिनिअर होते, आणि 4 ऑगस्ट 1902 ला बोगदा खुला झाला. लांबी 370 मीटर, खोली सुमारे 15 मीटर, आत बसवलेल्या पांढऱ्या चकचकीत फरशा सुमारे 2 लाख. तिकीट पहिल्या दिवसापासून नाही. दोन्ही टोकांना काचेच्या घुमटाची गोल इमारत, आत गोल जिना, आणि लोकांना शंभरेक पायऱ्या रोज चढवत नाहीत हे कळल्यावर दोनच वर्षांत, 1904 मध्ये, लिफ्ट बसवली. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेकडच्या टोकाला बॉम्बचा तडाखा बसला. तिथं आतून जाड अस्तर घालून दुरुस्ती केली, त्यामुळे तेवढ्या तुकड्यात बोगदा आजही एकदम अरुंद होतो. 1912 मध्ये थोडं पुढे वूलिचलाही असाच, 504 मीटरचा बोगदा झाला.

या पिढीतल्या नदीखालच्या बोगद्यांत शील्डच्या जोडीला दाबाची हवा वापरायचे. 10 मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब. बोगद्यात तेवढीच जादा हवा कोंडली की पाणी आत यायचं थांबतं. पण त्या हवेतला नायट्रोजन कामगाराच्या रक्तात विरघळतो, आणि कामगार घाईनं बाहेर आला की त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, कधी जीवच जातो. म्हणून बाहेर येताना एअरलॉकमध्ये, म्हणजे दोन हवाबंद दारांमधल्या खोलीत, बसवून दाब हळूहळू उतरवायचा. दाब जास्त झाला आणि वरची माती पातळ असली तर हवाच नदीचा तळ फोडून वर निसटते आणि पाणी कोसळतं. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखाली 1880 साली असं होऊन 20 कामगार मेले.

बाकीचे भराभर सांगतो. हॅम्बुर्गचा जुना एल्बे बोगदा 1911 चा. त्यानं तोंडाचा प्रश्न मोठ्या लिफ्टनी सोडवला, माणसांबरोबर गाड्याही लिफ्टमधून खाली उतरायच्या. अँटवर्पचा सिंट आना बोगदा 1933 चा, 572 मीटर लांब आणि 31 मीटर खोल. तिथले लाकडी सरकते जिने आजही चालू आहेत. रॉटरडॅमला 1942 मध्ये काठावर काँक्रीटच्या पेट्या ओतल्या, तरंगत नेल्या, नदीच्या तळातल्या चरात बुडवून जोडल्या, आणि मोटारींच्या शेजारी सायकली आणि पादचारी यांना वेगळ्या मार्गिका दिल्या. इंग्लंडमध्ये टाइन नदीखाली 1951 मध्ये जहाजबांधणीच्या कामगारांसाठी जोड बोगदे झाले, एक पायी जाणाऱ्यांना आणि एक सायकलवाल्यांना. ते 2013 मध्ये दुरुस्तीला बंद केले आणि उघडायला 2019 उजाडलं.

ही सगळी ठिकाणं नकाशावर पाहिलीत तर प्रत्येक ठिकाणी बंदर आहे, मोठी जहाजं आहेत आणि काठापलीकडे गोदी किंवा कारखाना आहे. जिथं पूल घालता आला तिथं कुणी पादचाऱ्यांना जमिनीखाली नेलं नाही. गोदावरीत नाशिकला जहाज कधी आलं नाही. व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आताचा अहिल्याबाई होळकर पूल, ब्रिटिश काळात झाला आणि त्यानंतर काठ जोडायला पुलांवर पूल होत गेले. रामसेतू पुलावरून तुम्ही रविवार कारंज्याच्या बाजूनं पंचवटीत दोन मिनिटांत पोहोचता, तेही भाजीची पिशवी हातात घेऊन. बोगदा न होण्याचं मोठं कारण हे एवढं साधं आहे.

तरी आज करायचंच ठरवलं तर होईल का? होईल. आपला दगड लंडनच्या मातीपेक्षा कितीतरी भला. कसारा घाटात इंग्रजांनी रेल्वेचे बोगदे काढले ते याच बेसॉल्टमध्ये. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा सुमारे 8 किलोमीटरचा जोड बोगदा 2025 मध्ये सुरू झाला. पुण्यात 2024 पासून मेट्रो मुठेच्या पात्राखालून धावते, कोलकात्यात त्याच वर्षीपासून हुगळीखालून. आपल्याकडे सुरुंग लावून दगड फोडायचा, मक, म्हणजे फुटलेला दगड, बाहेर काढायचा, छताला रॉकबोल्ट, म्हणजे दगड धरून ठेवणाऱ्या सळ्या, मारायचे आणि शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट, मारायचं, ही पद्धत घोटवलेली आहे.

पण बेसॉल्ट म्हणजे एकसंध शिळा असा समज करून घेऊ नका. लाव्हाचे थरावर थर आहेत. घट्ट काळा दगड, त्याखाली बुडबुड्यांची भोकं राहिलेला, पांढऱ्या खनिजांनी भरलेला मऊ दगड, आणि दोन थरांच्या मध्ये तांबड्या भाजल्या मातीची पट्टी. ही तांबडी पट्टी पाणी लागलं की फुगते, सुटते, आणि वरचा चांगला दगडही खाली घेऊन येते. घट्ट दगडात उभे सांधे असतात, पाणी त्यातून येतं. फेसवर, म्हणजे खोदकामाच्या समोरच्या भिंतीवर, सुरुंग झाल्यावर धूर निघून गेला की जुना फोरमन आधी लांब पहार घेऊन छत ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर दगड जागेवर आहे. बद्द आवाज आला तर तो वरून सुटलेला आहे, पाडून टाकायचा, त्याशिवाय कुणी खाली उभं राहायचं नाही. नदीखाली याच्या जोडीला पुढे लांब भोक मारून पाणी किती येतं ते पाहायचं आणि सिमेंटचं ग्राउट दाबून सांधे बंद करायचे, मगच पुढचा सुरुंग.

आणि इथं माझा जीव अडखळतो. रामकुंडाच्या आसपासच्या पात्रात काँक्रीट ओतल्यानं जुन्या कुंडांचे जिवंत झरे बंद झाले, ही गोदाप्रेमी नाशिककरांची लढाई वर्षानुवर्षं चालू आहे. ते झरे म्हणजे याच सांध्यांतून येणारं पाणी. आपण खालून ग्राउट दाबलं तर उरलेसुरले झरेही जातील. त्यातून सुरुंगांचे हादरे. काठावर नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायणाचं देऊळ, दगडात दगड बसवून उभे घाट. यांच्या पायाशी मी सुरुंग लावू देणार नाही, मग तो कितीही हलका असो.

सुरुंग नको तर उन्हाळ्यात पात्र अडवून वरून चर खोदायचा, काँक्रीटची पेटी बांधायची आणि बुजवायचं, असं तुमच्या मनात येईल. 2016 च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं, म्हणजे जागा कोरडी मिळू शकते. पण त्याच वर्षी 2 ऑगस्टला त्याच ठिकाणी महापूर होता. दोन्हींच्या मध्ये काम संपलं पाहिजे. आणि पेटीचं गणित करून पाहा. आतून 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच, भिंती अर्ध्या मीटरच्या. बाहेरून 5 गुणिले 4, म्हणजे एका मीटर लांबीला 20 घनमीटर पाणी बाजूला सारलं जातं आणि तेवढे 20 टन पेटीला वर ढकलतात. पेटीतलं काँक्रीट 8 घनमीटर, म्हणजे सुमारे 20 टन. तराजू बरोबरीत. सुरक्षेला काही उरतच नाही. तेव्हा पेटी खाली दगडात अँकरनं, म्हणजे सळ्यांनी, जखडा किंवा वर आणखी काँक्रीट टाका. सगळं होतं, पण पुन्हा रामकुंडाशेजारी पात्रात काँक्रीटच.

आता तोंडं. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की सराफ बाजार रिकामा करायला लागतात. 1969, 2008, 2016, 2019, या वर्षांचं पाणी किती चढलं ते काठावरच्या दुकानदारांना पाठ आहे. बोगद्याचं तोंड निळ्या पूररेषेच्याच नव्हे, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या लाल रेषेच्याही वर हवं. तोंड तिच्या खाली असेल तर पुरात आख्खा बोगदा भरेल आणि आत कुणी असेल तर त्याला वर यायला वाट नाही. समजा दगडातला बोगदा आहे, डोक्यावर 6 मीटर दगड ठेवला, बोगदा 4 मीटर उंच, म्हणजे चालायची जमीन नदीच्या तळाखाली 10 मीटर. समजा तोंड तळापासून 8 मीटर वर. एकूण उतरण 18 मीटर. 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर 120 पायऱ्या उतरायच्या आणि पलीकडे तेवढ्याच चढायच्या. चाकाची खुर्ची, बाबागाडी यांच्यासाठी 12 ला 1 उतार घ्यायचा तर एका बाजूला 216 मीटर लांबीचा रॅम्प, मधले थांबे वेगळे. तो मेनरोडला आणि पंचवटी कारंज्याला कुणाची घरं पाडून ठेवायचा?

लोक जिना उतरत नाहीत याचा पुरावा आपल्याच गावात आहे. द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला. वर वाहनांची झुंबड, जीव मुठीत धरून ओलांडायचा रस्ता, तरी लोक वरूनच गेले आणि खालचा मार्ग पडून राहिला. तिथं पायऱ्या 120 नव्हत्या. पाण्याचा निचरा, दिवे, रखवालदार, झाडलोट या गोष्टी रोज लागतात, आणि ज्या दिवशी त्यातली एक चुकते त्या दिवसापासून बायका-मुली खाली उतरायचं सोडतात. ग्रीनिचचा बोगदा टिकला तो लिफ्ट आणि रोजची देखभाल, दोन्ही सरकारी खर्चानं चालू राहिली म्हणून.

सिंहस्थासाठी तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. 2003 मध्ये सरदार चौकाजवळची चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही. तो रस्ता उघड्या आभाळाखाली होता. लंडनमध्ये 3 मार्च 1943 ला बॉम्बहल्ल्यात आसऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेथनल ग्रीनच्या भुयारी स्थानकाच्या जिन्यावर एक बाई पडली, मागचे तिच्यावर, आणि पाहता पाहता 173 माणसं गुदमरून मेली. त्या रात्री तिथं बॉम्ब पडलाच नव्हता. शाही स्नानाच्या दिवशी लाखो भाविक, अंगावर ओली वस्त्रं, पायऱ्यांवर पाणी, हातात पोरं, आणि बंद नळी. तिच्यात एकदा शिरलेला लोंढा मागे फिरत नाही. पर्वणीला माणसं वाटून द्यायची ती काठाकाठानं, रुंद उघड्या घाटांवर आणि एकमार्गी पुलांवर.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मात्र गोदावरीखालून बोगद्याचा एक विषय सुचवतो, आणि तो खरोखर हवा आहे. टॉवर सबवेचं पुढे काय झालं ते वर सांगितलंय. गोदेच्या काठानं आणि पात्रातून गेलेल्या मलवाहिन्यांची चेंबरं पावसाळ्यात उसळतात आणि घाण सरळ नदीत जाते. दोन मीटर व्यासाचा, घट्ट दगडाच्या थरातून नेलेला, लाल पूररेषेबाहेर दोन्ही काठांवर विहीर असलेला, नळ आणि केबलींसाठीचा बोगदा आखा. जागा रामकुंडापासून आणि देवळांपासून दूर, तपोवनाच्या खालच्या अंगाला किंवा वर आनंदवल्लीकडे निवडा. माणसं आत जाणार ती फक्त दुरुस्तीला, तेव्हा 120 पायऱ्या आड येत नाहीत. पूररेषेचे नकाशे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात पाहायला मिळतात. दगडाच्या थरांसाठी जवळपासच्या पुलांच्या पायाचे बोअर लॉग, म्हणजे भोक मारून पाहिलेल्या थरांच्या नोंदी, मागून घ्या, आणि तांबडी पट्टी कोणत्या पातळीवर लागते ते सगळ्यात आधी उभ्या छेदावर काढा. बोगद्याची पातळी तिच्या किमान तीन-चार मीटर वर किंवा खाली धरा, मग पुढचं ड्रॉइंग करा.